शाळेचा फोन दुरुस्तीला गेला तेव्हा




८ जुलै २०२४ चा सोमवार आपल्यापैकी काहीजणांच्या चांगला लक्षात असेल. आदल्या दिवशी, रविवारी, पाऊस नुसता कोसळत होता. रात्री शिक्षण खात्याने बारावीपर्यंतच्या सर्व शाळांना दुसऱ्या दिवशीची सुट्टी जाहीर केली. इतर शाळांच्या पालकांना लगेच निरोप गेले. आपल्या पालकांना मात्र शाळेकडून काहीच कळले नाही. सकाळी शाळेच्या फाटकाशी अकरा मुले भिजून उभी होती. त्यांतली तीन दोन बसगाड्या बदलून आलेली. पहिलीतल्या एका मुलीला छत्रीत घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "बाई, तुमचो मेसेज येवंक ना, म्हूण घेवन आयलें." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले.

निरोप न जाण्याचे कारण साधे होते. पालक-शिक्षक संघाच्या पैशातून घेतलेला शाळेचा मोबाईल त्या वेळी म्हापशाच्या एका अधिकृत दुरुस्ती केंद्रात पडून होता, आणि पालकांच्या गटावर निरोप टाकण्याची मुभा फक्त त्याच फोनला होती. तो फोन तेहतीस दिवस आमच्याजवळ नव्हता. या काळात आम्ही काही चुका केल्या आणि काही गोष्टी शिकलो. आज घरोघरी फोन आहे आणि आज ना उद्या तो बिघडणारच आहे. तेव्हा आमचा अनुभव पालकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेख.

हमी म्हणजे काय?

फोन आम्ही १४ ऑगस्ट २०२३ रोजी घेतला. त्याला एक वर्षाची वॉरंटी, म्हणजे हमी, होती. २५ जून २०२४ रोजी तो चार्ज होईना आणि संध्याकाळी बंदच पडला. मुदत संपायला अजून दीड महिना होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. "वॉरंटीत आहे, फुकट होईल," असेच आपण सगळे म्हणतो. पण हमीपत्रावरचा बारीक मजकूर आम्ही त्या दिवशी प्रथमच वाचला.

हमी ही कंपनीने केलेल्या वस्तूतील दोषाला असते, आपल्या हातून झालेल्या नुकसानीला नसते. फोन पडून काच फुटली, पाण्यात गेला किंवा बाहेरच्या दुकानात उघडला, तर कंपनी फुकट दुरुस्ती नाकारू शकते. बहुतेक कंपन्या मूळ फोनला एक वर्षाची, तर चार्जरसारख्या जोडवस्तूंना सहा महिन्यांची हमी देतात. काही कंपन्या बॅटरीलाही सहाच महिने देतात. म्हणून फोन "चार्ज होत नाही" असे दिसले, की दोष चार्जरचा, बॅटरीचा की आतल्या भागाचा, यावर पैसे पडणार की नाही हे ठरते. दुसऱ्या चांगल्या चार्जरने फोन लावून पाहणे ही पहिली पायरी. ती आम्ही केली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. नव्या फोनच्या जाहिरातीत तो पाण्यात टिकतो असे म्हटलेले असते. ही चाचणी साध्या गोड्या पाण्यात, ठराविक खोलीपर्यंत आणि ठराविक मिनिटे घेतलेली असते. केरी, हरमल किंवा मोरजीच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी त्या हिशेबात नाही. शिवाय असा फोन पाण्याने बिघडला तरी ती दुरुस्ती बहुधा हमीत बसत नाही. जाहिरातीतले वाक्य आणि हमीपत्रातले वाक्य, दोन्ही वाचूनच विश्वास ठेवावा.

फोन केंद्रात देण्यापूर्वी

पेडणे काय किंवा डिचोली काय, आपल्या बाजारात मोबाईल दुरुस्तीची दुकाने आहेत आणि त्यांतले कारागीर हुशारही आहेत. परंतु मुदतीतला फोन त्यांनी उघडला, तर कंपनीला नकार द्यायला आयतेच निमित्त मिळते. मुदतीतल्या फोनसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावे लागते, आणि त्यासाठी आपल्याला बहुधा म्हापसा किंवा पणजी गाठावी लागते. म्हणजे अर्धा दिवस मोडला. एक कागद विसरला, तर दुसराही अर्धा दिवस जातो.

आमचा असाच गेला. बिल त्या वेळी खरेदीला गेलेल्या एका पालकांच्या नावावर होते, आणि केंद्राने त्यांचे संमतीपत्र मागितले. शेवटी २७ जूनला, दुसऱ्या खेपेला, फोन जमा झाला. म्हणून पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. बिल ज्याचा फोन त्याच्याच नावावर घ्यावे. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असलाच पाहिजे. हा क्रमांक म्हणजे फोनचा जन्मदाखलाच. तो खोक्यावर छापलेला असतो, आणि फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की दिसतो. बिलाची शाई कालांतराने उडते, तेव्हा त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.

२. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. फोन चालू असेल, तर त्यातील फोटो, नंबर व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, बँकेची व पैसे पाठवण्याची ॲप काढून टाकावीत, आणि मग फोन कोरा करूनच द्यावा. काही नव्या फोनमध्ये दुरुस्तीच्या काळात आपली माहिती झाकून ठेवण्याची सोय असते, तीही वापरावी. बँकेचा किंवा यूपीआयचा गुप्त क्रमांक कोणत्याही केंद्राला लागत नाही. तो कोणी मागितला तरी देऊ नये.

३. फोनचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. काच शाबूत होती, कोपरा चेपलेला नव्हता, हे पुढे सांगता येते.

४. जमा करताना मिळणारी पावती, जिला जॉबशीट म्हणतात, ती सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावी. त्यावर तक्रार काय, फोनची बाह्य स्थिती काय, सोबत काय दिले आणि परत मिळण्याची अंदाजे तारीख काय, हे लिहिलेले असावे. नसेल तर नम्रपणे लिहून मागावे.

चौथ्या मुद्द्यात आमची चूक झाली. पावतीच्या तळाशी "फोनमधील माहितीची जबाबदारी ग्राहकाची" असे एक वाक्य होते. मागे माणसांची रांग होती आणि बाहेर पाऊस. आम्ही न वाचता सही केली. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

"आत पाणी गेले आहे"

१० जुलै रोजी केंद्रातून फोन आला. "आत पाणी गेले आहे, हमीत बसत नाही, खर्च पडेल," असे सांगण्यात आले. फोन कधी पाण्यात पडला नव्हता. तो कार्यालयाच्या कपाटात असायचा. पण समोरचा माणूस जाणकार आणि आपण अडाणी, असे वाटून आमच्यातले काहीजण पैसे भरायला निघालेच होते.

फोनच्या आत, बऱ्याचदा सिमकार्डाच्या खाचेत, एक लहानशी पांढरी पट्टी असते. तिला प्रत्यक्ष पाणी लागले की ती लाल किंवा गुलाबी होते. कारागीर ती पाहून निर्णय देतात. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते आणि पुस्तकांना बुरशी धरते, पण नुसत्या दमट हवेने या पट्टीचा रंग बदलू नये अशीच तिची रचना असते. अर्थात पट्टी लाल झाली म्हणजे बिघाड पाण्यानेच झाला, असेही दरवेळी सिद्ध होत नाही. म्हणून अशा वेळी तीन गोष्टी मागाव्यात: नकाराचे कारण लेखी, त्या पट्टीचा किंवा बिघडलेल्या भागाचा फोटो, आणि खर्चाचा भागवार अंदाज.

आम्ही १२ जुलैला एक पानी पत्र दिले. त्यात बिलाची तारीख, जमा केल्याची तारीख, पावती क्रमांक आणि या तीन मागण्या, एवढेच लिहिले. रागाचे एकही वाक्य घातले नाही. पत्राच्या प्रतीवर केंद्राचा शिक्का व तारीख घेतली. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, शिक्का मारलेला कागद राहतो.

जाता जाता एक सूचना. फोन खरोखरच भिजला, तर तो तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ आतले पाणी शोषून काढत नाही, उलट त्याची पूड भोकांत जाते. फोन लगेच बंद करावा, पुसावा, पंख्याच्या वाऱ्याला ठेवावा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला मुळीच लावू नये. ओल्या फोनला वीज मिळाली, की आतले भाग गंजतात.

दाद कोठे मागावी?

चार दिवस उत्तर आले नाही, तेव्हा १६ जुलैला आम्ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ लावला. हा क्रमांक केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याचा असून तेथे मराठीतूनही बोलता येते. तक्रार नोंदवली की तिला क्रमांक मिळतो आणि ती त्या कंपनीच्या वरिष्ठांकडे पाठवली जाते. हे न्यायालय नव्हे. ते हुकूम देऊ शकत नाही, पण अनेक तक्रारी याच पायरीवर मिटतात. फोन इंटरनेटवरून मागवलेला असेल, तर विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते.

तेवढ्यानेही काम झाले नाही, तर ग्राहक आयोग आहे. आपल्या देशातला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्याला त्यातल्या चार गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली, आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दावा लावता येतो. आपल्यातले पुष्कळजण सावंतवाडी, दोडामार्ग किंवा बेळगावहून फोन आणतात. त्यांना तिकडे हेलपाटे घालण्याची गरज नाही. पेडणे व डिचोली या तालुक्यांसाठी उत्तर गोवा जिल्हा आयोग आहे आणि त्याचे कार्यालय पर्वरीस आहे. दुसरी, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तिसरी, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. चौथी, वस्तूतला दोष तपासणीवाचून ठरवता येत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणी लागत नसेल तर तीन आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे मनाशी धरूनच जावे. आता तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. ते १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाले आहे.

आम्हांला तिथपर्यंत जावे लागले नाही. २२ जुलैला केंद्रातून पुन्हा फोन आला. फेरतपासणीत पट्टी पांढरीच निघाली आणि बिघाड चार्जिंगच्या भागात होता असे कळले. तो भाग फुकट बदलून ३० जुलैला फोन हाती आला. कोणी मुद्दाम फसवले असे आम्ही म्हणणार नाही. घाईत चुकीचा शेरा पडला असेल. पण तो शेरा आम्ही निमूट मान्य केला असता, तर संघाचे पैसे गेले असते.

तेहतीस दिवस फोनविना

आता ज्या भागाने आम्हांला खरे शहाणे केले, त्याकडे वळू.

पूर्वी गावात एखाद्या दुकानात नाहीतर पोस्टात फोन असे. लग्नपत्रिकेवर सुद्धा शेजाऱ्याचा "पी. पी." नंबर छापत. निरोप चार माणसांच्या तोंडून फिरत असे, पण पोहोचत असे. आज सर्व निरोप एका यंत्रातून जातात. ते यंत्र बंद पडले, की निरोप तिथेच थांबतो. शाळेचे नेमके हेच झाले.

फोन जमा करताना सिमकार्ड काढून आम्ही एका साध्या, बटणांच्या फोनमध्ये घातले. त्यामुळे शाळेचा क्रमांक चालू राहिला आणि बँकेचे ओटीपी येत राहिले. घरी असा एक जुना फोन चालू स्थितीत ठेवावा. मात्र काही कंपन्यांची सिमकार्डे जुन्या टू-जी फोनमध्ये चालत नाहीत, तेव्हा आधी घालून पाहावे. साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देता येतात. स्टार, नव्वद-नऊ, हॅश (*९९#) ही सोय आणि २०२२ पासूनची यूपीआय १२३पे ही सेवा त्यासाठीच आहे. तरीही घरात थोडी रोख रक्कम असावीच. कदंबच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांची गरज कधी संपत नाही.

व्हॉट्सॲपचा गट कार्यालयातल्या संगणकाला जोडलेला होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण सुट्टी जाहीर झाली रविवारी रात्री, आणि कार्यालयाला कुलूप. भर पावसात कोणी जाऊन उघडायचे? सकाळी मुले आली तेव्हा संगणक उघडून पहिली गोष्ट केली ती ही, की दोन शिक्षिकांना गटाचे प्रशासक केले. नशीब बरे. मूळ फोन चौदा दिवस वापरात नसला, की जोडलेला संगणक आपोआप बाहेर पडतो. २५ जूनला बंद पडलेल्या फोनची ती मुदत दुसऱ्याच दिवशी संपली. एक दिवस उशीर झाला असता, तर सगळा गट आमच्या हातून गेला असता.

त्याच आठवड्यात आम्ही वाड्यावाड्याची यादी केली. प्रत्येक वाड्यावर दोन घरे ठरवली. शाळेने त्या दोन घरांना फोन करायचा आणि त्यांनी शेजारच्या पाच-सात घरांना सांगायचे, फोनवर नाहीतर हाक मारून. रविवारी, १४ जुलैला, पुन्हा दुसऱ्या दिवशीची सुट्टी जाहीर झाली. वीज गेलेली होती, कित्येकांचे फोन उतरलेले होते. तरी त्या रात्रीच यादीतल्या बहुतेक घरी निरोप पोहोचला. उरलेल्या दोन घरांना सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराने सांगितले. सोमवारी, १५ जुलैला, फाटकाशी एकही मूल नव्हते.

फोन परत घेताना

केंद्रातून फोन घेताना तिथेच उभे राहून तपासावा. चार्ज होतो का, आवाज दोन्ही बाजूंनी जातो-येतो का, कॅमेरा व स्पर्श नीट आहे का, हे पाहावे. आयएमईआय क्रमांक बिलाशी ताडावा. मुख्य भाग बदलल्यास हा क्रमांक बदलू शकतो, तसे झाले असेल तर नवा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. कोणता भाग बदलला आणि त्या भागाला किती दिवसांची हमी, तेही लिहून घ्यावे. फोन केंद्रात पडून राहिलेले दिवस मूळ हमीत वाढवून मिळतीलच असे नाही. आमचे तेहतीस दिवस मिळाले नाहीत. जुनी मुदत ऑगस्टच्या मध्यावर संपलीच.

आणि ते न वाचलेले वाक्य? तपासणीच्या वेळी केंद्राने फोन कोरा केला होता. त्यात मागच्या स्नेहसंमेलनाचे आणि निवृत्त झालेल्या आमच्या एका बाईंच्या निरोप समारंभाचे फोटो होते. दुसरी प्रत आम्ही कुठेही ठेवली नव्हती. पालकांनी आपापल्या फोनमधले काही पाठवले, त्यांचे आभार. पण बाईंचे भाषण कोणाकडेच सापडले नाही. दोष यंत्राचा असेल, केंद्राचा असेल, पण प्रत न ठेवण्याचा दोष आमचाच.

यापुढे

आता शाळेच्या गटाला तीन प्रशासक आहेत. दर शनिवारी फोनमधील फोटो व यादी संगणकावर उतरवली जाते. बिले एका फाईलमध्ये, झेरॉक्ससह, ठेवली आहेत. वाड्यांची यादी फलकावर लावली असून दरवर्षी जूनमध्ये ती नवी केली जाते. ज्यांचा क्रमांक बदलला असेल त्यांनी वर्गशिक्षकांना कळवावे. ज्या घरी स्मार्टफोन नाही, त्यांनी संकोच न करता तसे सांगावे. यादी आहे ती त्यांच्यासाठीच.

येत्या २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, आठवी ते दहावीची मुले घरच्या एका वस्तूचे बिल आणि हमीपत्र आणून ते मोठ्याने वाचतील व त्यातल्या अटी आपल्या शब्दांत लिहितील. पालकांनी कृपया त्यांना कागद शोधून द्यावेत. सापडला नाही, तर तोही एक धडाच समजावा.

आपले,
शाळेतील शिक्षक